आढळले नाही

प्राचार्यांनी यादी दिली सोमवारी.
दोनशे सतरा नियतकालिकं, आणि डेटाबेस दोन :
एक विकतचा, एक फुकटचा.
कोण कशात आहे तेवढं बघा मॅडम,
कमिटी येणार पंचवीसला.

खानापुरात लाइट जाते चारच्या सुमाराला.
त्याआधी मी आकडे टाकत बसते,
आठ आकडे, मधे आडवी रेघ,
शेवटी कधी कधी एक्स,
कुणाच्या तरी अंगठ्यासारखा.

रसायनशास्त्र लगेच येतं.
गणिताचं नाव अर्धं टाकलं की
उरलेलं तेच भरून घेतं.
निपाणीचं एक त्रैमासिक सापडतं
दोन हजार नऊ ते अकरा, एवढंच.
त्याआधीची वीस वर्षं नाहीत, नंतरची नाहीत,
कुणी दार किलकिलं करून
पुन्हा लावून घेतल्यासारखं.

शुक्रवारी बेरीज : दोनशे सतरापैकी एकशे एकसष्ट.
चौऱ्याहत्तर टक्के.
प्राचार्य म्हणाले, फर्स्ट क्लास की हो!

मग मी, कुणी सांगितलं नसताना,
भाषेप्रमाणे तीन ढीग केले.
इंग्रजी एकशे सत्तर, त्यातली एकशे अठ्ठावन्न आत.
मराठी एकोणतीस, आत दोन.
कन्नड अठरा, आत एक.
सरासरीच्या पंगतीत आम्हीही जेवून उठलो होतो,
पत्रावळ मात्र कोरडी.

फुकटच्या डेटाबेसात ‘भुईबोल’चा एक लेख निघाला.
तीनदा निघाला.
लेखकाच्या जागी छापखान्याचं नाव,
सालाच्या जागी पिनकोड.
लेख भरमाणा कुद्रेमनीकरांचा,
धान्य मोजायच्या मापांवर :
पायली, अधोली, कोळग,
कुठल्या गावाच्या वेशीवर कुठलं माप बदलतं,
आणि बदलताना मूठभर दाणे कुणाच्या पदरात पडतात.
उद्धृत : शून्य.

इराप्पा हुक्केरी, आमचा अटेंडंट,
गोकाकच्या ‘नेलमातु’चे गठ्ठे झटकत होता.
मला कन्नड येतं ते बसच्या पाटीपुरतं.
तो वाचायला लागला तळटिपा, बोट ठेवून, मोठ्यानं,
आणि थांबला.
‘बाई, हे बगा की.
तुमचं कुद्रेमनीकर हितं बसलंय.’

पान चाळीस, अंक दुसरा. बरोबर होतं.
पुढच्या अंकात पुन्हा. मग चिकोडीच्या कुणा बाईंच्या लेखात.
एका ठिकाणी नुसतं भांडण होतं,
की कोळग म्हणजे अमुकच शेर, कुद्रेमनीकर चुकले,
दीड पान भांडण,
इतकं मन लावून वाचलं होतं त्यांना कुणीतरी.

इराप्पा, नेल म्हणजे काय रे?
‘भुई, बाई.’
आणि मातु?
‘बोलणं.’
मी दोन्ही अंक शेजारी ठेवले टेबलावर.
बाहेर स्टँडवर एका पाटीवरून वाद चालला होता,
नेहमीचाच, नेहमीच्या आवाजात.

न मोजलेल्यानं न मोजलेल्याला दिलेला दाखला
कुठल्या खात्यात जमा होतो?

फॉर्मवर रकाने दोन. आहे. नाही.
मी पट्टीनं तिसरा आखला : आढळले नाही.
प्राचार्य म्हणाले, एकच झालं ते.
मी म्हटलं, सर, घरात माणूस नाही
आणि मी हाक मारली ती माडीवर पोचली नाही,
एकच झालं का?
ते म्हणाले, कमिटीला माडी दाखवू नका.

चारला लाइट गेली.
इराप्पानं मोबाइलची बॅटरी लावली,
आम्ही मोजत राहिलो.
सहापर्यंत अकरा झाले.
बारावी तळटीप उंदरानं अर्धी खाल्लीय,
‘कुद्रे’ एवढंच उरलंय,
पुढे दातांची नक्षी.
कुद्रे म्हणजे कन्नडात घोडा पण होतो, इराप्पा सांगतो.

ती धरायची की सोडायची,
यावर आमचं अजून ठरत नाही.