चोडणात सिग्नल नाही

मानशीतल्या मासळीची पावणी यंदापासून ऑनलाइन.
कूळ संघटनेचा चिटणीस मी,
म्हणून लॅपटॉप माझ्या मांडीवर
आणि लॅपटॉपच्या मांडीवर मांजर.

मानस लिहिलं की कीबोर्ड माणूस करतो.
पहिला अर्ज तसाच गेला होता पणजीला:
‘चोडण येथील माणूस क्रमांक तीन,
दोन्ही दारं कुजलेली, खालून पाणी शिरते,
तातडीने दुरुस्ती व्हावी.’
पोच आली. दुरुस्ती नाही.

आज शेवटच्या पानावर यंत्र म्हणालं,
तू यंत्र नाहीस हे सिद्ध कर.
ज्या ज्या चौकटीत सिग्नल दिसेल
तिथे बोट लाव.

आमच्या बेटावर सिग्नल नाही.
रस्त्यावरचा कधीच नव्हता,
मोबाइलचा असतो, वारा असेल तसा.
फेरीबोट लागली की खलाशी हात वर करतो
तो लाल,
आणि खाली करायचं विसरतो
तेव्हा आपणच समजून घ्यायचं.
तरी लावलं बोट.
दिवा धरला, खांब सोडला: चूक.
खांब धरला: चूक.
कुठल्या तरी परदेशी चौकातला तो खांब
सिग्नलचा आहे की नुसताच खांब आहे
हे चोडणच्या माणसाने रात्री साडेदहाला ठरवायचं.

झाकण लावलं, बॅटरी घेतली, बांधावर गेलो.
इनास मेस्त ओहोटी धरून फळी बसवत होता.
मानशीला वीज लागत नाही, पासवर्ड लागत नाही.
शेतातलं पाणी ढकलतं, दार उघडतं.
नदी ढकलते, दार मिटतं.
अटी मान्य आहेत का, असं दोघींनाही कुणी विचारलेलं नाही.

मी म्हटलं, मेस्ता,
माझा भाचा यतीन चिपच्या कंपनीत आहे,
तो सांगतो की आत सगळी अशीच दारं,
नखाएवढ्या जागेत अब्जावधी,
उघड किंवा मीट, तिसरं काही नाही.
इनास म्हणाला, त्यांना किडा लागतो?
लागतो म्हणे. त्याला बगच म्हणतात.
मग हरकत नाही, म्हणाला इनास,
आणि खिळा तोंडातून काढून ठोकला.

मी असलं काहीबाही वाचत असतो, झोप नसली की.
कुणीतरी चिखलातले कुर्ले नेऊन
प्रयोगशाळेत अंधारात ठेवले होते.
ना नदी, ना चंद्र.
तरी ओहोटीच्या वेळेला ते उठून चालायला लागत,
आपापल्या गावच्या ओहोटीच्या.
हे वाचून मला उगीच
दुबईतला माझा भाऊ आठवला.
चंद्रही दर वर्षी चार-एक सेंटिमीटर लांब जातो,
नखं वाढतात साधारण त्या वेगाने,
आणि त्याचं कुणालाही पत्र येत नाही.

कंपन्यांचं येतं.
माझे फोटो ज्या कंपनीकडे होते
तिला दुसरीने घेतलं, दुसरीला तिसरीने,
आणि तिसरी फार गोड शब्दांत कळवते
की तीस तारखेला सगळं बंद,
तोवर आपल्या आठवणी उतरवून घ्याव्यात.
आठवणी म्हणजे बांध फुटला त्या वर्षीचे फोटो.
अडीचशे पाण्याचे.
त्यांतलं एक पाणी आमचं शेत आहे,
कुठलं ते आता मलाही सांगता येत नाही.

घरी आलो. मांजर झाकणावर झोपलेलं, ऊब होती.
त्याला उचललं, यंत्राला उठवलं.
यंत्राने सिग्नलचा नाद सोडला होता.
म्हणालं, होड्या दाखव.

होड्या! हसूच आलं.
भराभर बोट लावत गेलो:
ही होडी, ही होडी, ही अर्धी पण होडीच.
कोपऱ्यातल्या चौकटीत नुसतं पाणी होतं,
पण दुभंगलेलं,
होडी आत्ताच पुढे गेली की मागे राहतं तसं.
तिथेही बोट लावलं.

चूक, म्हणालं यंत्र.
पुन्हा प्रयत्न करा.