समेवरचा खोकला

राजमल्लू चिट्याल म्हणजे ढेकणांचं गाणं, व्याह्याचं गाणं,
साखरपेठेत गणपतीपुढं
चादर पांघरून नाचणारा माणूस.
आम्ही पेटीवाले त्याला गवई म्हणत नव्हतो.
मीही नाही. हसलो मात्र पोट धरून.

परवा त्याच्या सुनेनं कॅसेट आणली.
गुंतलेली फीत पेन्सिलीनं सोडवली.
हसणारे त्यात आता बारीक झालेत,
लांब कुठंतरी,
आणि गळा पुढं आलाय.

तेलुगूत सुटलेली ओळ
मराठीत वळते, कानडीत शिवी हासडून
बरोब्बर षड्जावर टेकते.
आणि तो खोकला, ज्यावर सगळे खिदळायचे,
समेवर आहे.
तीनदा मागं नेऊन मोजलं.
मागं कुणाचा तरी माग चालू, खटक खटक,
थांबवा म्हणाला नाही,
त्याचाच ठेका धरून बसला.

खालच्या बोळातला बँडवाला पोरगा
वरातीत क्लॅरिनेटवर तीच मुरकी घेतो.
कुणाची रे?
"आमचीच की ओ."

कॅसेट संपली. नुसती खरखर.
सून माझ्या तोंडाकडं बघत होती.
"काय ओ मास्तर,
हसला नाहीत?"