तिसरा सूर खाली

हरिपूरच्या रस्त्याला वरात अडली आहे
आणि मी स्कूटर बंद करून,
पायांत कोथिंबिरीची पिशवी धरून ऐकतोय
आमचंच गाणं
ब्रास बँडच्या तोंडून.

ते पेवावर रेकॉर्ड झालं म्हटलं की लोक हसतात.
हळदीचं रिकामं पेव, आत पुरुषभर चार वेळा अंधार.
उतरण्याआधी दोरीनं कंदील सोडायचा,
विझला तर माणूस सोडायचा नाही.
त्या दिवशी विझला.
मग नेओमी रणभिसे वरच पालथी पडली
आणि भोकात तोंड घालून ओरडली,
खाली कोण आहे?
खालून आवाज आला.
पाव मात्रा उशिरा, जरा जाडा,
हळद खाल्लेला.

थांबा, इरफान सतारमेकर म्हणाला, मी त्याच्यासाठी थांबतो.
त्यानं अख्खा ठेका मागं सरकवला.
बिरू कोळेकरनं बापाच्या ढोलातला गजीचा तुकडा
गिटारवर ओढून आणला.
मी बेसवर चार सूर दिले.
चारच. तिसरा खाली.

पुण्याच्या स्टुडिओत मशीनमधून तसला आवाज काढायला
दोन दिवस गेले, कंपनीचे अकरा हजार गेले,
शेवटी आमचीच टेप लावली.
दुसऱ्या कडव्यानंतर तिच्यात टिटवी ओरडते.
नीट ऐका.

रविवारी संध्याकाळी रेडिओवर वीस गाणी उलटी लागायची.
विसावं. मग चौदावं. मग एक आठवडा नावच नाही,
बिरूनं गिटारला गिऱ्हाईक बघितलं.
मग तिसरं.
मिरजेत शमशुद्दीन चहावाला
शटरवर खडूनं आमचा आकडा लिहायचा,
त्याच्या खाली आमची उधारी.
एक लिहिला त्या रविवारी
सगळ्या गल्लीला चहा फुकट पाजला,
उधारी तेवढी पुसली नाही.
सात आठवडे तोच एक,
आणि खालचा आकडा वाढत गेला.

इरफानचे अब्बा भोपळा घासता घासता म्हणाले,
चढवलेली तार रात्री उतरवून ठेवावी, पोरांनो.
कोण ठेवतंय.
सोलापूर, नागपूर, औरंगाबाद,
नेओमीनं विचारायचं, खाली कोण आहे?
आणि पाच हजार पोरांनी हात वर करून, आम्ही!
तिचं वाक्य संपायच्या आत.
पाव मात्रा थांबायला कुणालाच सवड नव्हती.

दुसरी कॅसेट आली. आली एवढंच.
नेओमी बहिणीकडं मस्कतला गेली, तिथं शाळेत गाणं शिकवते म्हणे.
इरफान परत सतारीच्या खुंट्या कातायला बसला.
कॅसेटच्या कागदावर माझं नाव धनपत छापलंय.
मी धनपाल.
आईनं पेनानं ‘त’ खोडून वर ‘ल’ लिहिला,
आणि आधीच्या ‘प’ला काना द्यायला विसरली.
धनपल म्हणून मी तिच्या कपाटात आहे.

पाच सालच्या पुरात पेवांत पाणी शिरलं.
कितीतरी दिवस त्या बाजूच्या डबक्यांना पिवळी साय होती.
आमचं पेव कुठलं, ते आता
मला दाखवता यायचं नाही.

आणि इथं क्लॅरिनेट विचारतंय, खाली कोण आहे,
नवरदेवाचा मामा दातात नोट धरून नाचतोय,
कुणी उत्तर देत नाही, ढोल पुढं निघून जातो.
पण पार मागं, जनरेटरच्या गाड्याजवळ,
युफोनियम अंगावर घेतलेला एक माणूस
गाल फुगवून माझे सूर वाजवतोय.
माझे!
गाणं सगळ्यांना पाठ,
बेस आजवर कुणी गुणगुणलेला मी ऐकला नव्हता.

तिसरा तेवढा वर नेतो.

मी स्कूटर स्टँडला लावतो.
गाणं संपल्यावर जवळ जाऊन सांगतो,
मास्तर, तिसरा सूर खाली आहे.
तो वाद्य उलटं करून थुंकी झटकतो,
माझ्याकडं बघतो, कोथिंबिरीकडं बघतो.
नाही ओ काका, म्हणतो,
ओरिजनलला असंच हाय.