चॅनल तीन, चॅनल चार

बापानं नावं ठेवली खेमा आणि उत्पला.
मानवतच्या पहिल्याच प्रोग्रामला
पोस्टरवाल्यानं छापलं प्रेमा आणि उत्पात.
खेमा म्हणाली, राहू द्या,
पैसे तर खरे द्यायलेत ना.

मी साउंडवाला. सेलूचा.
माझ्या मिक्सरवर पांढरी टेप, टेपवर पेनानं
तीनखाली खे, चारखाली उ.
नऊ वर्षं तीच टेप. घामानं पुसटली की वरून गिरवायचो.

एप्रिल सगळा जयंतीचा, मग गणपती,
मार्गशीर्षात माळेगाव, फेब्रुवारीत परभणीचा उरूस.
टेम्पोत स्पीकर, स्पीकरवर गाद्या, गाद्यांवर त्या दोघी.
रात्री दोनला ढाब्यावर शेवभाजी,
उत्पला डोळे मिटूनच खायची,
खेमा मोजायची चिठ्ठ्यांना गुंडाळलेल्या दहाच्या नोटा.
चिठ्ठीत फर्माईश, कधी मोबाईल नंबर.
नंबर भट्टीत. नोटा सरळ करून मांडीखाली.

मग ‘सिंगल फेज’ आलं.
अर्धी इस्त्री झालेला ड्रेस घालून
लग्नाला निघालेल्या पोरीचं गाणं.
खेमानं लिहिलं, जालन्यात दोन तासांत रेकॉर्ड केलं.
नांदेडात कॉलेजच्या पोरी पळत आल्या,
काच खाली करा, ताई, काच खाली करा.
काच नव्हतीच टेम्पोला. ताडपत्री होती.

आवाज खेमाचा फुटला, पण कुणाला कळू नये असा,
कडेकडेनं,
भाकरीला तव्यावर चीर जावी तसा.
हेडफोन माझ्या कानात, म्हणून मला कळलं.
मी तीनचा फेडर बोटभर वर घेतला.
पुढच्या महिन्यात आणखी बोटभर.
उत्पला वळून माझ्याकडं बघायची, बोलायची नाही,
नुसता आपला माईक तोंडापासून वीतभर लांब धरायची.

मुखेडला जनरेटर मेला.
नेमका ‘सिंगल फेज’च्या दुसऱ्या कडव्यात.
लोक हसायले, त्यांना वाटलं गाण्यातलंच आहे.
खेमा थांबली नाही.
वर्षभरानं तिचा आवाज मी उघडा ऐकला.
तिसऱ्या रांगेपुढं जाईना.
आणि उत्पला,
जी मैदानाच्या पार टोकापर्यंत एकटी पोचली असती,
तिनं आपला आवाज खाली आणला, आणखी खाली,
आणि बहिणीच्या शेजारी ठेवला,
झोपलेल्या लेकराशेजारी उशी ठेवावी तसा.
मागचे ओरडले, ऐकू येईना.
पुढचे म्हणाले, चूप बसा की रे.
मग मागचे पुढं सरकले,
खुर्च्या डोक्यावर घेऊन, चपला हातात घेऊन.
शिट्टी एक नाही.

लाईट आली. माझं बोट तीनकडं गेलं.
खेमानं स्टेजवरून मान हलवली. नको.

कंधार मागं टाकल्यावर तिनं विचारलं,
“कधीपासून?”
“मागच्या उरुसापासून.”
“अन् हिला माहीत होतं?”
उत्पला झोपायचं सोंग करायली होती.
“हिला अक्कल नाही,” खेमा म्हणाली
आणि अंगावरची शाल काढून तिच्या पायांवर टाकली.

आता फोन खेमा घेते. तारखा, ॲडव्हान्स,
मुक्कामाला पंखा आहे का, बाथरूमला कडी आहे का.
घोगऱ्या आवाजात भाव करते, समोरचा दबतो.
पोस्टरवर दोघींचा फोटो पाहिजे, ही उत्पलाची अट.
नावं आता बरोबर छापतात.

शेवटी ‘सिंगल फेज’ला ती एक कडवं गाते.
तीन नंबर मी जिथल्या तिथं ठेवतो.
लोक कधी पुढं सरकतात, कधी नाही.
परवा हदगावात नाही सरकले.
तिनं कडवं पुरं केलं, पाणी प्यायली,
चप्पल शोधली
आणि राहिलेले चार हजार मागायला
आयोजकाकडं गेली.