किरकोळ

वकीलसाहेब, बिल मिळालं.
उद्यमनगरात लेथवर उभा असतो मी,
अर्धा सूत इकडंतिकडं झालं
तर गिऱ्हाईक शाफ्ट परत आणून टाकतं.

तुमच्या कागदावर 'किरकोळ : अकरा हजार'.
किरकोळ म्हंजे नक्की काय कापलं?

'चर्चा, चार वेळा.'
तीन मान्य.
चौथी बावड्याला, कोर्टाच्या जिन्यात.
तारीख पुढं गेलेली.
तुम्ही विचारलंत, पोरगी कितवीला?
मी म्हटलं, नववीला.
चहाचे पैसे मी दिलेले.

भांडायला आलो नाही.
जागा तुमच्यामुळंच ऱ्हायली, नाकारत नाही.
फक्त ओळ न् ओळ फोडून द्या.
आम्ही खाली पडलेला कीससुद्धा
काट्यावर घालून दाखवतो.

आणि त्या 'नववीला'चे किती लावलेत,
तेवढं वेगळं लिहा.