न बदलणारी क्रियापदं

मंगळवारी संध्याकाळी लूथरन चर्चच्या तळघरात
हीटर खोकायला लागतो
आणि एकेकजण जिना उतरून येतो,
प्लांटमधली पाळी संपवून,
ब्लीचच्या वासाचे हात घेऊन.
बोटं अजून सुरी धरल्यासारखी वाकलेली.
पेन्सिल त्यांना फार बारीक पडते.
मी पेन्सिलींना रबरबँड गुंडाळून देते.
हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं.

जिल्ह्याकडून आलेल्या खोक्यात
चित्रांची सव्वीस कार्डं होती.
इग्लू. यॉट. झायलोफोन.
नेब्रास्कात, समुद्रापासून दोन दिवसांवर, यॉट.
सेबास्तियान इश्कॉयनं ते कार्ड उलटसुलट करून पाहिलं,
विचारलं, बाई, हे कुठं दुखतं?
दिवसभर राबून ज्या शब्दासाठी जिना उतरायचा
तो शब्द कुठंतरी दुखणाराच असणार,
असा त्याचा हिशेब.

मग मी पदरमोड करून
लायब्ररीतल्या मशीनवर माझी कार्डं छापली.
खांदा. हातमोजा. बोथट.
पट्टा जरा हळू चालवा.
मी यावर सही केलेली नाही.
यॉटच्या मागच्या कोऱ्या बाजूवर
सेबास्तियाननं मनगट काढलं, नीट, शिरांसकट.

मार्चमध्ये, नदीवर क्रौंच उतरले त्याच आठवड्यात,
पत्र आलं.
मी ते घडी घालून पर्समध्ये ठेवलं
आणि फळ्यावर भूतकाळ लिहायला घेतला.

म्हटलं, घाबरू नका,
काही क्रियापदं बदलतच नाहीत.
कट. काल कट, आजवर कट.
हर्ट. शट. कॉस्ट.
लिहिता लिहिता माझाच हात थबकला.
पंधरा वर्षं शिकवतेय ही यादी,
आणि या माणसांसमोर ती
अशी सलग कधी वाचली नव्हती.

नॉ पॉ म्यू सहसा बोलत नाही.
निर्वासित छावणीतल्या शाळेत ती आठवीपर्यंत पहिली यायची,
हे मला तिच्या मुलानं सांगितलंय.
ती उठून म्हणाली,
हर्ट बदलत नसेल,
तर बरं झालं, हे डॉक्टरला सांगायचं कसं?

हीटर खोकला.
मी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या.
काल माझा अंगठा हर्ट.
आज माझा अंगठा हर्ट्‌स.
आजच्या दुखण्याला शेवटी एस लागतो, म्हटलं.
ते अक्षर मी मोठं काढलं, जरा तिरकं,
आणि मागच्या बाकावर खसखस पिकली.
हूक! सेबास्तियान म्हणाला.
आम्ही रोज यालाच टांगतो.
धड, मांड्या, सगळं.
नॉ पॉ म्यू फळ्यापाशी आली,
बोटानं एस पुसला,
खडूनं भरलेलं बोट बघत राहिली.
म्हणजे हूक काढला की संपलं?
व्याकरणात, मी म्हटलं. व्याकरणात संपलं.

वाचनाचा तास उरला होता
आणि वाचायला काही नव्हतं.
नवी पुस्तकं येणार नव्हती, तेच तर पत्रात होतं.
मग पत्रच दिलं फिरवून.
खदरा वारसामेनं चष्मा पुसला,
ओळीखाली नख धरून
एकेक अक्षर मोजून घेतलं,
आणि अनुदानाशेजारी तो ओळखीचा शब्द सापडला तशी
पहिल्यांदा हसली.
कट!
मग नख पुढं सरकवून शब्दाच्या टोकाशी थांबली.
बाई, इथं हूक नाही.
म्हणजे हे कालच झालं.

बरोबर, मी म्हटलं.
शंभर टक्के बरोबर.
तिनं वहीत स्वतःच बरोबरची खूण केली.

नऊ वाजता खुर्च्या एकावर एक चढवल्या.
चर्चचा रखवालदार डेल्मर दाराशी उभा होता.
म्हणाला, पत्रबित्र मला काही वाचता येत नाही,
चष्मा घरी राहिलाय.
चष्मा त्याच्या कपाळावर होता.
किल्लीची दुसरी प्रत
त्यानं कॉफीच्या डब्यात टाकली, आवाज होईल अशी.

फळा पुसायचा राहिला.
गाडीत बसल्यावर आठवलं.