पंधरा मिनिटं

आधी थेंब. मग पंधरा मिनिटं थांबायचं. मग लेन्स.
पर्थ रोडवरच्या ईशबेलबाईंनी कागदावर लिहून दिलाय
हा क्रम, आणि खाली दोन रेघा मारून:
नळाचं पाणी नको.

शाल्मली मान मागे टाकते.
अ‍ॅट्रोपिनचा थेंब, इतका पातळ केलेला
की त्यात औषधापेक्षा आमची भीतीच जास्त असावी.
डोळ्यांत तेल घालून जपणं नुसतं ऐकलं होतं.
ते असं बाटलीत, एक्सपायरीची तारीख लावून येतं
हे ठाऊक नव्हतं.

नुसत्या थेंबांवर एक वर्ष काढलं.
नंबर चालत राहिला. थोडा दमून, पण चालत.
आता दोन्ही: थेंब, आणि रात्रभर बुबुळावर झोपणारी लेन्स.
दोन्ही मिळून थांबेल ना?
"हळू होईल, कदाचित," ईशबेलबाई म्हणाल्या.
त्या 'कदाचित'मुळेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

गोष्ट साधी आहे. डोळा लांबतोय.
केस वाढले तर आम्ही वेणी घालतो,
उंची वाढली की दाराच्या चौकटीवर पेन्सिलीची रेघ.
फक्त इथे, चोवीस पूर्णांक एकसष्ट मिलिमीटरवर,
म्हणतो, बाई गं, आता पुरे.

चार मिनिटं गेली.
"बाबा, तुझा किती?"
"मायनस साडेनऊ."
"म्हणजे चष्मा काढलास की मी दिसत नाही?"
"चार बोटांवर आलीस तर दिसतेस."
ती नाकाला नाकच लावते.
गार नाक. टूथपेस्टचा वास.
तिचे दोन डोळे मिसळून एकच, मोठा, हसणारा.

बाहेर डंडीचा नोव्हेंबर, चारलाच मिटलेला.
रोज दोन तास उजेडात खेळू द्या, असंही त्या कागदावर आहे.
उजेड कुठून आणायचा, ते नाही.
शनिवारी ब्रॉटी फेरीच्या वाळूवर नेतो तिला,
ती शिंपला नाकाशी धरून बघते.
"लांब बघ, लांब!" मी ओरडतो
आणि स्वतःच दचकतो.
माझे बाबा ओरडायचे, खिडकीबाहेर काय बघतोस, पुस्तकात बघ.

टे नदीच्या पुलावरून गाडी निघालीय.
चष्मा अजून माझ्या हातात. मला उजेडाची एक ओली रेघ.
ती खिडक्या मोजते, अकरा, बारा,
"गेली."

टायमर वाजतो.
"आज डावी मी घालणार," ती म्हणते.
मी हात धुतो, कोरडे करतो, पुन्हा कोरडे करतो
आणि आरसा धरून उभा राहतो,
जरा जास्तच जवळ.